उलट्या पावलांनी मनोरा

आमच्या पिसा शहरात शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. विद्यापीठात नाव घातलं, की पदवी हातात पडेपर्यंत मनोरा चढायचा नाही. चढलात तर पदवी मिळत नाही. का मिळत नाही हे कुणी विचारत नाही, आणि एखाद्यानं विचारलंच तर लोक त्याच्याकडे अशा नजरेनं बघतात की तो पुन्हा विचारत नाही. परीक्षेच्या आधी मोठ्या चर्चच्या दारावर कोरलेल्या इवल्याशा पालीला हात लावून यायचं आणि मनोऱ्याकडे नुसतं खालून बघायचं, एवढंच विद्यार्थ्याचं काम.

मी त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी बावीस वर्षं नोकरी करते आहे, पिशव्या सांभाळायची. वर पिशवी न्यायला परवानगी नाही, म्हणून लोक माझ्या खिडकीत पिशव्या देतात, मी बिल्ला देते, ते वर जाऊन घंटा बघून येतात आणि पिशवी घेऊन जातात. रोज एखादा तरी म्हणतोच, "तुमची मजा आहे बाई, वाटेल तेव्हा वर जाता येत असेल." मी हसते आणि पुढच्याची पिशवी घेते. बावीस वर्षांत मी त्या जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढले नव्हते, कारण माझी पदवी अजून व्हायची होती.

माझं नाव ओरेत्ता. एकोणिसाव्या वर्षी मी इतिहासाला नाव घातलं, तेविसाव्या वर्षी मुलगी झाली आणि लॅटिनची एक परीक्षा राहिली ती राहिलीच. पन्नाशीला, मुलगी तिच्या संसाराला लागल्यावर, मी पुन्हा नाव घातलं. लॅटिन सुटलं, बाकीचंही सगळं सुटलं, प्रबंध लिहून झाला, बांधून झाला. उरलं होतं ते एकच: पाच-सात प्राध्यापकांसमोर उभं राहून त्यावर बोलायचं आणि पदवी घेऊन घरी यायचं. अर्ध्या तासाचं काम. ते मी तीन वर्षांत चार वेळा पुढे ढकललं. पहिल्या वेळी मुलीचं बाळंतपण होतं. दुसऱ्या वेळी नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन. तिसऱ्या वेळी मला ताप होता, म्हणजे सकाळी होता. चौथ्या वेळी तारीख निघाली सतरा, त्यातही शुक्रवार, आणि सतरा तारखेच्या शुक्रवारी आमच्यात शहाणं माणूस दाढसुद्धा उपटून घेत नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. अर्मिदा त्यांचं नाव, वय त्र्याऐंशी, गाव लिव्होर्नो. लिव्होर्नो आमच्यापासून वीस किलोमीटरवर, समुद्रकाठी, आणि ही दोन गावं एकमेकांना पाण्यात पाहतात. का पाहतात, तेही कुणी विचारत नाही. सासूबाईंनी तिथल्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. सासरे गेल्यावर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा इव्हो, म्हणजे माझा नवरा, त्यांना आमच्या मागच्या खोलीत घेऊन आला. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत त्यांनी पिसाबद्दल एक चांगला शब्द काढलेला नाही. इथल्या पावाला चव नाही, इथल्या हवेला वास नाही, आणि मनोऱ्याचं तर नावच काढायला नको. "एवढा गाजावाजा, आणि एक खांब सरळ उभा करता आला नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मी पन्नाशीत पुन्हा नाव घातलं त्या रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी चेचीना आणली होती, हरभऱ्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली, गरम गरम. आमच्याकडे पदवी घेतलेल्याला डॉक्टर म्हणतात, मग त्याला साधी पट्टी बांधता येवो न येवो. सासूबाईंनी तोंडातला घास गिळला आणि म्हणाल्या, की ही ज्या दिवशी डॉक्टरीण होईल त्या दिवशी मी तुमचा तो वाकडा खांब या गुडघ्यांनी चढून जाईन. इव्हो हसला. मी हसले नाही. पुढची कितीतरी वर्षं मी पुस्तक उघडलं की ते वाक्य माझ्या कानात वाजायचं, आणि खोटं कशाला बोलू, त्या रागावर मी लॅटिन काढलं.

प्रबंधाचा विषय मात्र त्यांच्यामुळेच मिळाला. माझ्या मार्गदर्शक बारोंचेल्ली बाई एकदा घरी आल्या होत्या. सासूबाई खिडकीतून खालच्या भाजीवाल्याला काहीतरी सुनावत होत्या, ते ऐकून बाई चहा विसरल्या. "हे तुम्ही लिहून का काढत नाही?" त्या मला म्हणाल्या. मग दोन हिवाळे मी सासूबाईंसमोर रेकॉर्डर ठेवून बसले. लिव्होर्नोच्या मासळीवाल्या, त्यांची बोली, त्यांची भांडणं, गिऱ्हाईक हेरायच्या युक्त्या, युद्धानंतरची वर्षं. निम्मं रेकॉर्डिंग शिव्यांचं होतं. त्यांपैकी कितीतरी मी तळटिपांमध्ये समजावून सांगितल्या.

तर ही पाचवी खेप होती. तारीख निघाली होती एप्रिलमधला गुरुवार, आकडा चांगला, घरात कुणी आजारी नाही, कुणी बाळंत होणार नाही. रविवारी रात्री भांडी घासताना मी इव्होला म्हटलं, की तळटिपांमध्ये चुका राहिल्यात, मी शरद ऋतूपर्यंत थांबते. इव्हो बस चालवतो. गेली तीस वर्षं बसमधल्या सगळ्यांना आणि घरातल्या सगळ्यांना तो एकच उत्तर देतो, तेच त्यानं मला दिलं: "तुझी मर्जी." शेजारच्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही गर्जत होता. नाव मागे घ्यायची मुदत मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. मी बारोंचेल्ली बाईंना मेल लिहून मोबाइलमध्ये ठेवली. पाठवायची मंगळवारी जेवणानंतर, असं ठरवलं आणि इव्होला तसं सांगितलंही. लिहिली तेव्हा हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली तेव्हा मात्र तोंडाची चव गेली.

मंगळवारी दुपारी जेवून मी खिडकीवर परत आले. माझ्या जागी फ्योरेल्ला बसली होती, तिला मोकळं केलं, मोबाइल काढला, मेल उघडली. बोट बटनावर नेलं आणि सहज मान वर केली, तर समोरच्या फळीवर एक्केचाळीस नंबरच्या कप्प्यात एक तपकिरी पर्स. कडी तुटलेली, मासेमारीच्या दोऱ्यानं बांधलेली. जगात अशी पर्स एकच आहे, आणि ती रोज सकाळी आमच्या खुंटीवर टांगलेली असते.

फ्योरेल्ला जाता जाता थांबली. एक म्हातारी येऊन गेली, म्हणाली, फार गोड बोलत होती. गोड बोलत होती म्हटल्यावर क्षणभर मला धीर आला, कारण मग ती आमची नव्हे. पण पर्स आमचीच होती. सासूबाई अकरा वर्षांत ज्या चौकातून जायलाही तयार नव्हत्या, तिथं स्वतः येऊन, अख्खं तिकीट काढून, माझी जेवणाची वेळ साधून, मनोऱ्यावर गेल्या होत्या.

तेवढ्यात नेदो आला. नेदो जिन्याच्या दाराशी उभा असतो, पंचवीस वर्षं तीच टोपी. त्याला धाप लागली होती. तुझी सासू दुसऱ्या सज्ज्याच्या दाराशी जिन्यात बसलीय, म्हणाला. वर जात नाही, खाली येत नाही. खुर्चीत घालून उतरवतो म्हटलं तर म्हणते, मला हात लावलात तर पिसावाले लिव्होर्नोच्या बाईला पळवून नेतायत म्हणून ओरडेन. सुनेला बोलवा, सून आली तरच उठेन. पुढची तुकडी दाराशी खोळंबली होती, चाळीस माणसं. इव्होला फोन लावला, पण तो बस चालवताना मोबाइल बंद ठेवतो.

मी जिन्याच्या दाराशी गेले. बावीस वर्षांत इतक्या जवळ कधी गेले नव्हते. आतून गार हवा येत होती, आणि पहिली पायरी मधोमध अशी झिजलेली की जणू कुणी लोणी खरवडून घेतलंय. माझे पाय उंबऱ्याबाहेरच थिजले.

आता गंमत बघा. मी दोन दिवसांनंतरच्या परीक्षेचा अर्ज मागे घेणार होते. पदवी मला नकोच होती म्हणायची, निदान शरद ऋतूपर्यंत. मग चढायला काय हरकत होती? पण नाही. त्या पायरीसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदाच मला नीट कळलं, की मला ती पदवी किती हवी होती. हवीच होती, आणि म्हणूनच मी चार वेळा पळाले होते.

नेदो आणि फ्योरेल्ला यांची तिथंच जुंपली. फ्योरेल्लाचं म्हणणं, घंटा पाहिल्या तरच बाधतं, दुसऱ्या सज्ज्यापर्यंत गेलं तर काही होत नाही, तिच्या चुलतभावानं तेवढं केलं होतं. नेदो म्हणाला, तुझा चुलतभाऊ आज काय करतो? फ्योरेल्ला म्हणाली, फरशा बसवतो. झालं तर मग, नेदो म्हणाला, पहिली पायरीच मोजतात. रांगेतल्या लोकांना वाटलं काही अपघात झालाय, कुणीतरी रुग्णवाहिका बोलवू का म्हणून विचारलं. शेवटी नेदोनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "तू उलटी चढ."

मला समजेना. मग त्यानं फोड करून सांगितली: तोंड खाली, पाठ वर. मनोऱ्याला वाटेल तू उतरतेयस. आणि येताना सरळ उतरलीस, तर तेही उतरणंच. म्हणजे दोन्ही वेळा उतरलीस, चढलीसच नाहीस. फ्योरेल्लानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, हे बरोबर आहे. बाहेरचा कुणी हे ऐकून आम्हाला वेड्यात काढेल. पण मी पिसाची आहे, आणि मलाही ते बरोबर वाटलं.

मी पाठ फिरवली, भिंतीला हात लावला आणि टाच पहिल्या पायरीवर ठेवली. ते बघून रांगेतलं एक जोडपं, ही इथली रीत असावी असं समजून, तेही पाठमोरं झालं. नेदोला त्यांना धरून सरळ करावं लागलं.

उलटं चढणं काही सोपं नसतं. त्यात आमचा जिना मनोऱ्याबरोबर कललेला, त्यामुळे एका वळणावर भिंत तुम्हाला ढकलते आणि पुढच्या वळणावर ओढून घेते. मी टाचेनं पायरी चाचपत होते, तोंडानं सगळ्या संतांची नावं घेत होते, आणि मधेच एका संताच्या नावाला सासूबाईंकडून शिकलेला एक शब्दही चिकटला. राग इतका आला होता, की गुडघे दुखतायत हेही कळत नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी मी हे काय करतेय, असं वाटत होतं.

"हे काय येतंय?" सासूबाईंचा आवाज माझ्या पाठीवर आदळला. "आधी तोंड दाखव. चाळीस वर्षं बाजारात बसले, पाठ दाखवून कुणी माल मागितला नाही."

मी तशीच उभी राहून सांगितलं, की मला वळता येणार नाही, आणि का येणार नाही. त्या ऐकत राहिल्या. मग अशा हसल्या, की जिना वरपासून खालपर्यंत घुमला. आठशे वर्षांच्या मनोऱ्याला फसवायला निघालीस होय, म्हणाल्या.

"अहो आई, माझा हात धरा आणि चला खाली. माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. मेल पाठवलीस?"

मी वळले.

त्या सज्ज्याच्या बंद दाराला टेकून बसल्या होत्या, खाली रुमाल अंथरून, रविवारचा कोट घालून. चेहरा घामानं डबडबलेला. दुखत होतं त्यांना, ते ढोंग नव्हतं. पण डोळे बाजारातले होते, गिऱ्हाईक कुठं नमतंय ते बघणारे.

मी विचारलं, मेलचं तुम्हाला कुणी सांगितलं.

"टीव्ही मोठ्यानं लावला की तुम्हाला वाटतं म्हातारीला ऐकू येत नाही. अगं, तुम्ही मोकळेपणानं बोलावं म्हणून तर लावते." त्यांनी रुमालाच्या उरलेल्या टोकावर हात आपटला. "बस इथं."

मी बसले. त्या म्हणाल्या, दोन हिवाळे मी तुझ्या त्या यंत्रासमोर बोलले. नवऱ्याला कधी सांगितलं नाही ते तुला सांगितलं. माझ्या आईबद्दल, पहिल्या बाळाबद्दल. तू ते कागदावर उतरवलंस आणि कपाटात नेऊन ठेवलंस. मी काय कपाटाशी बोलत होते?

मी तळटिपांचं सुरू केलं. त्यांनी पुरं होऊ दिलं नाही.

"तळटिपा गेल्या खड्ड्यात. तू नापास व्हायला घाबरतेस. आणि नापास झालीस तर बोल लावायला कुणी नाही, याला त्याहून जास्त घाबरतेस. आधी बाळंतपण होतं, मग माझ्या लेकाचा हर्निया होता, मग सतरा तारीख होती. आता काही उरलं नाही, तर तळटिपा शोधून काढल्यास."

मला राग आला. खरं तर संतापच आला, कारण एवढं नेमकं मला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, बरं, असेन मी भित्री, मग आता काय? आता तर मी चढूनही बसले, आता नापास होणारच.

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या. "आता चढलीस ना? आता खुशाल नापास हो. सगळ्या पिसाला सांग, सासूनं वर चढायला लावलं म्हणून. तुला कुणी चकार शब्द बोलणार नाही. मला बोलतील. मी लिव्होर्नोची, मला तसंही बोलतातच, त्यात आणखी एक."

दुखरे गुडघे घेऊन ही बाई एवढ्यासाठी वर आली होती.

"आणि पास झाले तर?" मी विचारलं.

"तर माझा काय संबंध?"

मला रडू आलं. दगडी जिन्यात, त्यांच्या रुमालाच्या टोकावर बसून मी रडले, आणि त्या मला गप्प बस म्हणाल्या नाहीत की त्यांनी जवळ घेतलं नाही, नुसत्या गुडघा चोळत बसल्या. आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ काही दिलं असेल, पण माझ्या अपयशाचा दोष घ्यायला आजवर कुणी पुढे आलं नव्हतं. मी मोबाइल काढला. मेल पुसली. त्यांनी चष्मा नसताना पडद्यावर डोकावून खात्री करून घेतली.

उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. मी पुढे, त्या माझ्या खांद्याला धरून मागे, दर पाच पायऱ्यांनी बसत आणि दर बसण्याला मनोरा बांधणाऱ्यांच्या आईबापांचा उद्धार करत. खाली नेदो आणि फ्योरेल्ला माझी वाट बघत होते. वर मी सरळ वळून बसले होते, हे माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. नेदोनं हळूच खिशातल्या किल्लीला हात लावला. अपशकुन दिसला की आम्ही लोखंडाला हात लावतो. सासूबाईंनी एक्केचाळीस नंबरचा बिल्ला माझ्या हातात ठेवला, आपली पर्स घेतली आणि तिकिटाचे पैसे परत मिळतात का, अर्धाच मनोरा पाहिलाय, असं नेदोला विचारलं.

गुरुवारी सकाळी मी निळा झगा घातला. इव्होनं सूट घातला, बस कुणाच्या तरी ताब्यात दिली होती. मुलगी नातवाला घेऊन आली. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या, रविवारचा कोट घालून, कारण त्यांच्या मते हा त्यांचाच कार्यक्रम होता. माझं नाव पुकारलं तेव्हा पाय मंगळवारसारखेच थिजले. मग मला आठवलं, की आता नापास झाले तरी माझ्याकडे कारण आहे, आणि तेही मागच्या चारही कारणांपेक्षा भारी. मी उठले.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग डाव्या बाजूचे एक चष्मेवाले प्राध्यापक म्हणाले, बासष्टावी तळटीप चुकली आहे, पान दुसरंच आहे. मी मागं वळून पाहिलं. सासूबाईंनी मुकाट्यानं अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला. माझ्यावर घाल, असं. मी पुन्हा वळले आणि म्हटलं, "हो, चुकली आहे. दुरुस्त करते." बस, एवढंच. प्राध्यापकांनी मान हलवली आणि पान उलटलं. तीन वर्षं ज्याला मी घाबरत होते, ते एवढंसं होतं.

शेवटी बारोंचेल्ली बाईंनी मासळीवालीची एक आरोळी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचली. मागून आवाज आला, "अशी नाही गं, पोटातून." अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्या बाईंनीच म्हणून दाखवावी, अशी विनंती केली. सासूबाई उभ्या राहिल्या, काठी सावरली आणि त्या सभागृहात, जिथं शेकडो वर्षं लोक लॅटिन बोलत आले असतील, ताज्या बांगड्याची अशी आरोळी ठोकली, की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दार उघडून आत डोकावली. माझा नातू रडायला लागला. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते.

एकशे दहापैकी एकशे दोन गुण. मुलीनं माझ्या डोक्यावर पदवीधरांचा पानांचा मुकुट घातला. त्याची पानं रश्श्यात घालायची असतात तीच, म्हणून सासूबाईंनी लगेच बजावलं की संध्याकाळी फेकू नको, रविवारी मासळीच्या रश्श्याला होतील. खांब चढायच्या त्या नवसाचं काय, असं इव्होनं त्यांना डिवचून विचारलं. त्या म्हणाल्या, मी चढेन म्हटलं होतं, कुठवर ते म्हटलं नव्हतं, आणि मी तर आगाऊ चढून घेतलंय.

पदवी मिळाली की त्याच दिवशी लोक मनोऱ्यावर जातात, डोक्यावर मुकुट तसाच ठेवून. मीही गेले. खिडकीत फ्योरेल्ला होती, तिच्या शेजारी सासूबाई जाऊन बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांच्या पिशव्या वजनानं ओळखून दाखवू लागल्या. मी निघाले तसा त्यांनी मागून आवाज दिला. वरून लिव्होर्नो दिसतं म्हणतात, म्हणाल्या. दिसलं तर बघून ये, आहे का अजून जागेवर.

मी सरळ तोंडानं चढले. दुसऱ्या सज्ज्याच्या दाराशी जरा थांबले, मग वर. सात घंटा होत्या, आमच्या आयुष्यभर कानात वाजलेल्या, आणि त्या इतक्या मोठ्या असतील असं मला वाटलं नव्हतं. एकीवर हात ठेवला, उन्हानं कोमट झाली होती. पश्चिमेला सपाट शेतं, मग झाडांची काळी रेघ, मग समुद्र. डावीकडे टोकाला उजळलेली घरं, बंदरातल्या क्रेन. लिव्होर्नो जागेवर होतं. मी बराच वेळ तिकडे बघत राहिले, म्हणजे खाली गेल्यावर नीट सांगता येईल.

त्या दिवशी नेदोची पाळी वर होती. तो माझ्या मुकुटाकडे बघत घंटेभोवती दोनदा फिरला. त्याला काहीतरी खात होतं. अखेर तो जवळ आला आणि आजूबाजूला कुणी विद्यार्थी नाही ना, हे पाहून हळू आवाजात म्हणाला, "ओरेत्ता, एक सांग. तू आधी चढलीस. पहिल्या पायरीपासून चढलीस, मी स्वतः पाहिलं. मग तू पास झालीस कशी?"

मी त्याला खरं तेच सांगितलं.

"सासूनं वर चढायला लावलं म्हणून."